राजाची उडी

बायको जाऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा माझा जुना दोस्त बुद्धिबळ खेळायला ओट्यावर येऊन बसला. बरं वाटलं. विट्यात मला आता तेवढंच उरलं होतं. आम्हा दोघांचा एक गावठी नियम होता. डावात एकदा राजानं घोड्यासारखी उडी मारायची, शह बसलेला असला तरी. बायकोला खेळातलं तेवढंच कळायचं. चहा ठेवताना विचारायची, "आवं, उडी हाय का गेली?"

त्या दिवशी पांढरे मोहरे माझे. दोस्त सिसिलियन नावाची सुरुवात खेळला, फोनवर शिकलेली. थोड्याच वेळात त्यानं घोडा माझ्या राजापुढं फेकला. उडी शिल्लक होती म्हणून मी राजानंच तो खाल्ला. मग त्याचा वजीर, उंट, हत्ती शहावर शह देत मागं लागले. राजा पळत पळत पटाच्या मधोमध आला. तेव्हा मी उडी मारली.

त्यानं राजा उचलून परत होता तिथं ठेवला. "गड्या, जगात कुठं राजा उडतो व्हय? फोनवर असलं चालत न्हाई."

"मग डाव मांडतानाच सांगायचं हुतंस की रं!"

"सांगितलं असतं, तर तू घोडा खाल्ला असतास व्हय?" असं म्हणून तो हसला.

हरण्याचं काही नाही, लय वेळा हरलोय त्याच्याशी. पण उडी विचारणारं माणूस नुकतंच गेलंय, हे त्याला ठाऊक होतं. तिच्या हातचा चहा त्यानंही प्यायलाय.

मी मोहरे पिशवीत भरले. म्हटलं, "पट माझा, ओटा माझा. ऊठ."