रिकामे शनिवार

जपानच्या त्या मोठ्या भूकंपाला चार-पाच वर्षं झाली असतील. टोकियोतल्या फुनाबोरीहून एका विमान कंपनीच्या ऑफिसात मी रोज जायचे, कंत्राटावर. काम काय, तर वैमानिकांच्या ड्यूट्या लावणारा प्रोग्राम सांभाळायचा. ऐकायला भारी, प्रत्यक्षात नुसतं डोकं उठायचं.

शेजारच्या टेबलावर साठीकडे झुकलेले एक गृहस्थ बसत. पूर्वी लढाऊ विमानं उडवायचे, आता आमच्याकडे ड्यूट्यांचे नियम बघायचे. त्यांच्या हवाई दलाच्या जुन्या तळावर वैमानिक पुरत नव्हते. तरुण मंडळी तिथली नोकरी सोडून आमच्यासारख्या कंपन्यांत येत होती. मग तळावर टेबलावरचं काम करणाऱ्या वैमानिकांनाही पुन्हा विमानात बसवलं, आणि त्यांची रिकामी टेबलं राखीव तुकडीतल्या, म्हणजे दल सोडूनही हाकेला जाणाऱ्या, जुन्या लोकांच्या गळ्यात पडली. दर महिन्याला तळाकडून शनिवारची मागणी यायची. आमच्याकडच्या राखीवांपैकी कोणाला पाठवायचं, ते माझा प्रोग्राम सुचवायचा.

नियम माझाच, आणि मला त्याचं केवढं कौतुक! ज्याने आजवर कमी वेळा नकार दिला, त्याला आधी विचारायचं. फोनाफोनी कमी, साहेब खूश. शेजारच्या गृहस्थांनी कधीच नकार दिला नव्हता, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. सलग चार महिने सगळे शनिवार त्यांचेच.

एका दुपारी खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफी घेताना ते हळूच म्हणाले, "एक विनंती आहे. इचिकावाच्या घरी माझी आई असते, तिला हल्ली काही आठवत नाही. दिवसा तिला सांभाळणारं वृद्धांचं केंद्र शनिवारी बंद असतं. परवा मी तळावर होतो, तर ती अनवाणी स्टेशनपर्यंत गेली. प्रोग्रामनेच मला वगळलं, तर बरं होईल."

"अहो, तुम्ही सरळ नाही म्हणा ना!"

"मग दुसऱ्या कोणाला तरी जावं लागेल," ते म्हणाले, आणि हसले.

मला चीड आली. त्यांची की माझी, देव जाणे. रविवारी लॅपटॉप उघडायला मीही कधी नाही म्हटलं नव्हतं. त्याच दुपारी मी गुपचूप नियम बदलला: ज्याचे शनिवार जास्त झाले, त्याला वगळायचं. रीतसर विचारलं असतं तर तीन मीटिंगा झाल्या असत्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत पडद्यावर चारही शनिवार रिकामे. बाकीचे राखीव आधीच नकार देऊन मोकळे झाले होते. कोणी बोलेना. सगळे टेबलाकडे बघत बसले. इथली ही शांतता मला चांगली ठाऊक होती. कोणीतरी पुढे होईपर्यंत ती संपत नाही. बोलू नका हो, आज तरी बोलू नका, मी मनात म्हणत होते.

त्यांनी घसा साफ केला. "मी जातो."

सगळ्यांनी वाकून आभार मानले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कीबोर्ड माझ्यापुढेच होता. इचिकावाचं त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. लाज वाटत होती, तरी चारही शनिवारांपुढे मी त्यांचंच नाव भरलं.