बाबांबरोबर मुनिरक्यात

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांचं चालणं हळूहळू परत आलं, उजवा हात थोडा अधूच राहिला, बोलणं मात्र आलं नाही. आवाज होता, समजत सगळं होतं, पण हवा तो शब्द तोंडात येत नसे. पाणी हवं असलं की ते ‘छत्री’ म्हणत, आणि चुकलं हे कळून डोळे मिटून घेत. दिल्लीत सरकारी नोकरीत जन्मभर फायलींवर टिपणं लिहिणारा, रविवारी मित्रांशी अर्ध्या मराठीत अर्ध्या हिंदीत वाद घालणारा माणूस हा. मी त्यांना आणि आईला माझ्या नोएडाच्या फ्लॅटवर घेऊन आले. आईला इथे शेजार मिळाला. बाबा बाल्कनीत बसून समोरच्या टॉवरकडे बघत राहायचे. कोणी भेटायला आलं की उठून आत जायचे.

त्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. काही कलाकार मिळून दर रविवारी सकाळी दिल्लीत कुठेतरी पुरीएवढी, हाताने रंगवून भट्टीत भाजलेली मातीची चकती लपवून ठेवत. ग्रुपवर जागेचा फोटो टाकत, तोही अर्धामुर्धा. ओळखा, जा, शोधा; ज्याला सापडेल त्याची. लोकांनी आपलं शहर पायी हिंडून बघावं, एवढाच त्यांचा हेतू. मला कुठला वेळ! मी नुसतेच फोटो बघायची.

एका रविवारी चहा पिताना मी तो फोटो सहज बाबांपुढे धरला. हिरव्या जाळीची खिडकी, शेजारून वर जाणारा अरुंद जिना, वर तारांचा गुंता. बाबांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“भात,” ते म्हणाले.

“भूक लागली का बाबा?”

“नाही, नाही. भात! भात!” आणि उठून डाव्या हाताने बूट चढवायला लागले.

आई स्वयंपाकघरातून आली. “अगं, हे कुठे निघाले?”

“त्यांना ही जागा माहितीये वाटतं.”

आईने फोटो पाहिला. “मला नाही बाई ओळखू येत. दिल्लीत अशा हजार गल्ल्या.” मग बाबांकडे बघून हळूच म्हणाली, “जा घेऊन. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून उठलेत.”

मी गाडी काढली. बाबा शेजारी बसून हाताने दाखवत होते, सरळ, डावीकडे, पुन्हा सरळ. यमुना ओलांडली. मी भलत्याच फ्लायओव्हरवर चढले की ते गुडघ्यावर थाप मारत, मग मी पुढे जाऊन यू-टर्न घेई. मुनिरक्याची पाटी दिसली तसे ते ताठ बसले. तेव्हा मला आठवलं. लग्नाआधी, नोकरीसाठी सांगलीहून नवे नवे आले होते तेव्हा, बाबा इथे कुठेतरी भाड्याच्या खोलीत राहायचे. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही फारसं कधी सांगितलं नव्हतं.

गल्ल्यांमध्ये ऊन पोचतच नव्हतं, इतक्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या. मोमोजचे ठेले, झेरॉक्सची दुकानं, ‘रूम भाड्याने’च्या चिठ्ठ्या. बाबा एका गल्लीत शिरले, शेवटपर्यंत जाऊन परतले. दुसरीतूनही परतले. त्यांच्या ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला.

“राहू दे ना बाबा, घरी जाऊ या.”

त्यांनी हात सोडवून घेतला. एका चौकात खाटेवर एक म्हातारी ऊन खात बसली होती. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि फोन पुढे करून म्हणाले, “भात.”

म्हातारीला फोटोतलं काही दिसलं नाही. मी घाईने म्हटलं, “जी, चावल कह रहे हैं, इनकी तबीयत...”

“चावल?” तिने बाबांकडे नीट पाहिलं. “राशन वाली गली ढूँढ रहा है के? दुकान तो कब की गई. पीछे चला जा, नीम के साथ-साथ.”

बाबांनी तिला हात जोडले.

जिना सापडला. दोन कॉलेजच्या मुली तिथेच वाकून पायऱ्यांखाली बघत होत्या. बाबा त्यांच्या बाजूने वर गेले, वळणावर थांबले आणि भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून त्यांनी चकती बाहेर काढली. तिच्यावर दोरीवर वाळणारे कपडे रंगवलेले होते.

“अंकल, आपको कैसे पता?”

बाबांनी हवेत किल्ली फिरवून दाखवली. मग कोनाडा. मग बोट वर, दुसऱ्या मजल्याकडे.

“आप यहाँ रहते थे?” एक मुलगी ओरडलीच. “वो तो हमारा कमरा है!”

त्यांनी आम्हाला वर नेलं. पलंगावरचे कपडे भराभर उचलून बाबांना बसवलं, इंडक्शनवर चहा ठेवला. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि बोलायला लागले. शब्द सगळे भलतेच. “टोपी,” ते खिडकीकडे बोट करून म्हणाले, “टोपी, मग मंगळवार, मग तो... तो डबा.” आणि हसले. मुलीही हसल्या, “फिर क्या हुआ अंकल?” असं विचारत राहिल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. पण झटक्यानंतर बाबा इतकं कधीच बोलले नव्हते. मी चहाच्या कपात बघत बसले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

निघताना बाबांनी चकती त्यांतल्या एका मुलीच्या तळहातावर ठेवली.

“नहीं अंकल, ये आपकी है.”

त्यांनी तिची बोटं मिटली आणि जिना उतरायला लागले.

पुढे कितीतरी रविवार आम्ही हिंडलो. बहुतेकदा कोणीतरी आमच्या आधी पोचलेलं असे. बोलण्याच्या व्यायामासाठी बाबा आता कुरकुर न करता बसत. काही शब्द परतले, काही नाही आले ते नाहीच. होळीनंतर ग्रुपवाल्यांनी लोकांनीच बनवलेल्या चकत्या मागितल्या. बाबांनी डाव्या हाताने एक रंगवली, वाकड्या पायऱ्यांची, आणि आम्ही ती कोपर्निकस मार्गावर एका झाडाच्या ढोलीत ठेवून आलो. दुपारी फोटो आला, ती चकती हातात धरलेल्या एका तरुण जोडप्याचा.

बाबा फोन घेऊन घरातल्या चपलांनिशीच शेजाऱ्यांकडे गेले. मी मागे धावले. शेजारच्या काकूंनी फोटो पाहिला, मग बाबांकडे. “भाईसाहब, आपने बनाया?”

“मी,” बाबा म्हणाले. थोडं थांबून, शोधून, “मैंने.”