न्हाणीघराची बिजागरी

सुतारकाम करणारी बाई म्हणून लोक आधी तिला हसायचे. मग जुनी कपाटं दुरुस्तीला तिच्याकडेच आणू लागले. वडील, म्हणजे अण्णा, स्वतः सुतार, पण मुलीनं रंधा धरलेला त्यांना कधी रुचला नाही. हत्यारं त्यांनी तिला शिकवली नाहीत. ती दुसऱ्यांकडे शिकली.

एका सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "अण्णा न्हाणीघरात पडलेत. आतून कडी आहे. ये लवकर!"

ती पेटी घेऊन पोहोचली, तेव्हा भाऊ दाराला खांदा मारायच्या बेतात होता.

"थांब दादा! फटीतून बघ, ते दाराशीच पडलेत. फळी आत फुटली तर डोक्यातच बसेल."

दार बाहेर उघडणारं, बिजागऱ्याही बाहेरून मारलेल्या. पण स्क्रू जुने, गंजलेले, वर रंगाचे थर. तिनं टोच्यानं खाचांतला रंग कोरून काढला, पेचकस रोवला आणि जोर लावला. स्क्रू ढिम्म हलेना.

"आधी आवळ," आतून क्षीण आवाज आला. "मग सोड."

जन्मात पहिल्यांदा ते तिला काम सांगत होते. तिनं किंचित आवळला. कट्‌ झालं, आणि स्क्रू सुटला. बाकीचेही एकेक करून निघाले. शेवटच्याची खाच मात्र पार झिजली. पेचकस नुसता गरगर फिरू लागला.

"अण्णा, याचं काय करू?"

आतून उत्तर नाही.

"अण्णा? अहो, बोला ना!"

"आता फोडतोच मी," भाऊ ओरडला.

"दार धरून ठेव. हलू देऊ नकोस." तिनं घामेजलेला तळवा पदराला पुसला, स्क्रूच्या डोक्यावर मधोमध खिळ्यानं खूण ठोकली आणि ड्रिल लावलं. ते एकदा घसरलं, बोट सोलवटलं. तिनं पुन्हा टेकवलं. लोखंडाचा भुगा पडत राहिला. अखेर डोकं तुटून फरशीवर टणकन पडलं.

दोघांनी दार अलगद बाजूला घेतलं. अण्णा पांढरेफटक पडले होते, पण श्वास चालू होता.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर डोळे उघडताच ते म्हणाले, "दार कुठंय?"

"अंगणात."

"मग सूनबाई अंघोळ कुठं करतेय?"

बहीणभाऊ इतके हसले की नर्सनं दोघांना बाहेर काढलं. तिथं बाकावर बसल्यावर मात्र तिचं लक्ष सोलवटलेल्या बोटाकडे गेलं. भावानं तो हात आपल्या हातात घेतला आणि बोटाला रुमाल गुंडाळला.