सही साहेबांची, नाव सुनंदाचं

चूक माझी होती. ती आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना मी कोणाला बिचारा वाटेन, आणि मी बिचारा नाही.

गोंदिया जिल्ह्यात सालेकशाच्या सभागृहात आढावा बैठक होती. तालुक्यातले सगळे ऑपरेटर, कारकून, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले शिपाई. आमच्या तहसीलदार साहेबांनी खिशातून डोंगल काढला. पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू. संगणकाला लावायची, पिन टाकायचा, की दाखल्यावर साहेबांची डिजिटल सही उमटते. डोंगलला निळी दोरी होती. साहेबांनी तो दोरीला धरून सगळ्यांसमोर झुलवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"माझी सही मी यांच्या हातात दिली, ही माझी चूक. कोणाच्या हातात काय द्यायचं, हे आपल्या बापजाद्यांना बरोबर कळत होतं."

पहिल्या रांगेत हसू फुटलं. 'यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे कोणाला विचारावं लागलं नाही. मी बौद्ध आहे हे त्या सभागृहातल्या पंख्यालाही माहीत होतं. आजोबांनी छप्पन साली वर केलेली मान मी तिथं खाली घातली. घातली ती घातलीच. बैठक संपेपर्यंत वर केली नाही.

आता हा डोंगल. होता साहेबांचा, पण राहायचा माझ्या ड्रॉवरमध्ये. पिन मला पाठ. मी तालुक्याचा तांत्रिक समन्वयक, कंत्राटी. साहेबांना संगणक उघडायचा कंटाळा. हे आमच्याकडेच होतं असं समजू नका. कितीतरी कार्यालयांत हीच रीत आहे. खुर्चीवर एक जण बसतो, सही दुसराच मारतो. सगळं सुरळीत असलं की काम साहेबांचं. बिघडलं की हात आमचा.

त्या उन्हाळ्यात दरेकशाला दाखल्यांचं शिबिर लागलं होतं. तिथल्या सरकारी सेवा केंद्राची ऑपरेटर सुनंदा. गोंड घरातली, सालेकशाला जाऊन शिकलेली, बोलायला फटकळ. तिच्या संगणकाला डोंगल लावून सकाळपासून मी सह्या मारत होतो. बाहेर लोकांची रांग. साहेब पंख्याखाली मोबाइल बघत बसलेले. दुपारी गावातल्या एका मोठ्या घरून जेवणाचं बोलावणं आलं. साहेब उठले, जीपकडं जाता जाता मागं वळून मला म्हणाले, चला तुम्ही पण.

इतक्या वर्षांत साहेबांनी मला 'चला' म्हटलं नव्हतं. मी उठलो. खुर्ची मागं पडली एवढ्या घाईनं उठलो. सुनंदाला पिन सांगितला आणि सह्या मारत राहा म्हणालो.

ती म्हणाली, "नोको जी सर. साहेबाची सही मी काऊन करू? तुमी जेवून या, मंग करू."

मी म्हणालो, "मी सांगतो ना. लोक उन्हात उभे आहेत."

लोकांचं ऊन मला दिसत नव्हतं. मला साहेबांच्या शेजारचं ताट दिसत होतं.

त्या घरी साहेब आत गेले. मी त्यांच्या मागं उंबऱ्यापर्यंत गेलो तर घरमालकानं हसतमुखानं ओसरीकडं हात केला. तिथं ड्रायव्हर आधीच मांडी घालून बसला होता. आत स्टीलची ताटं होती. आम्हाला पत्रावळी. ड्रायव्हर सरकला, म्हणाला, "बैठो भाई, दाल अच्छी है।" त्याला सवय होती. साहेबांना आतून मी दिसत होतो. त्यांनी एकदा बघितलं आणि लोणचं मागितलं.

मला तिथून उठता आलं असतं. केंद्र हाकेच्या अंतरावर होतं. मी उठलो नाही. जेवलो. भात परत मागून घेतला.

तेवढ्या वेळात केंद्रावर एक माणूस अर्जांचा गठ्ठा घेऊन आला होता. साहेबांचेच आहेत, पहिले हे करा, असं त्यानं सुनंदाला बजावलं. तिनं मला फोन लावला. साहेबांच्या समोर फोन कसा घ्यायचा म्हणून मी तो कापला. त्या गठ्ठ्यात रहिवासाचे दाखले होते, ज्यांनी कधी दरेकसा बघितलंही नव्हतं अशा लोकांचे. तो माणूस कोण होता, ते आजवर कळलं नाही. कोणी शोधलंही नाही.

खोटे दाखले उघडकीला आले, बोंब झाली, चौकशी लागली, आणि मग ती बैठक. बैठकीनंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज अगदी मऊ. चौकशीच्या अहवालात वरचं नाव नको, म्हणाले. तुमचं पण नको, तुम्ही आपले आहात. खालचं कोणीतरी लिहा.

सभागृहात मी 'यांच्या'मधला होतो. केबिनमध्ये 'आपला' झालो. मला ते गोड लागलं, हेही लिहून ठेवतो.

मी लिहिलं: दरेकसा केंद्राच्या ऑपरेटरने परवानगी न घेता डोंगल वापरला. खाली सुनंदाचं नाव. अहवाल साहेबांच्या सहीनं जायचा होता. सकाळी सगळ्यांसमोर झुलवलेला डोंगल संध्याकाळी पुन्हा माझ्या ड्रॉवरमध्ये आला होता. त्या अहवालावरची सहीही मीच मारली.

सुनंदाची नोकरी गेली. गावात बोललं गेलं की तिनं सही विकली. तिचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. मग यायचे थांबले.

त्यानंतर मी एका बाहेरच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. सायबर सुरक्षा धोरण आणि नेतृत्व. कारण लोकांना सांगितलं ते वेगळं. खरं कारण हे, की पुन्हा कोणी माझ्यासमोर दोरी झुलवली तर माझ्याजवळ कागद असावा. बायको म्हणाली, "काऊन जी, पन्नाशीले आले आन् आता शाळंत जाऊन राहिले?" पण रविवारी सकाळी वर्ग असला की ती मिक्सर बंद ठेवायची.

वर्गात मोठमोठ्या कंपन्यांतले, खात्यांतले लोक. पुण्याचे, बंगळुरूचे. फाड फाड इंग्रजी. मी कॅमेरा बंद ठेवायचो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तो त्यांना दिसू नये म्हणून. हेही मीच केलेलं. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती.

एका सत्राला प्रत्येकानं आपल्या कामातली एक घटना मांडायची होती. मी दरेकसा मांडलं. नावं काढून, छान चौकटी करून, रंगीत बाण काढून. दुर्गम भाग. अपुरं प्रशिक्षण झालेली ऑपरेटर. तिच्या हातात गेलेली सही. कसलेल्या माणसासारखं बोललो. एक बडे गृहस्थ, कुठल्याशा बँकेत सुरक्षेचे प्रमुख, म्हणाले की फार छान मांडलंत. मग म्हणाले की अशा लोकांच्या हातात अशी गोष्ट जाताच कामा नये, कोणाच्या हातात काय द्यायचं हे ठरवणं म्हणजेच नेतृत्व.

इंग्रजीत म्हणाले. पण वाक्य तेच होतं. फक्त त्याला दोरी नव्हती.

आणि मी म्हणालो, "थँक यू, सर."

मग शिकवणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. डोंगल त्या ऑपरेटरला कोणी दिला? माझ्या एकाही चौकटीत ते नव्हतं. मी म्हणालो, मॅडम, आवाज तुटतोय, आमच्याकडं नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. आणि लॅपटॉप बंद केला.

बायको दारात उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणाली, "नेट तं चालू हाय. खोटं कायले बोलले?"

ती कोथिंबीर निवडत बसली. मला मात्र ओसरी दिसू लागली. आत ताटं, बाहेर पत्रावळ. साहेबांनी मला ओसरीवर बसवलं होतं. मी सुनंदाला ओसरीच्याही खाली ढकललं, आणि त्याची चित्रं काढून पदवी मिळवायला निघालो होतो. जातीच्या ज्या शिडीनं माझ्या घराण्याला तळाशी ठेवलं, तिची एक पायरी मी माझ्या हातानं ठोकली होती. आता शिडी कशी मजबूत करावी याचं शिक्षण घेत होतो.

पुढच्या रविवारी मी कॅमेरा चालू केला. फोटोसकट. आधी बोलायची परवानगी मागितली. म्हणालो, आमचं नेटवर्क चांगलं होतं, मी पळालो होतो. डोंगल मी दिला. ती नको म्हणत होती. आणि 'अशा लोकांच्या' असं जे मागच्या वेळी म्हटलं गेलं, त्यातला मी आहे. ते बँकेचे गृहस्थ म्हणाले की त्यांचा तसा अर्थ नव्हता. मी म्हणालो, माझ्या साहेबांचाही नसतो. कोणी हसलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या की आता तुमची मांडणी सुरू झाली.

पण वर्गात खरं बोलणं सोपं होतं. तिथून माझी नोकरी जाणार नव्हती.

मी सकाळच्या गाडीनं दरेकशाला गेलो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. सुनंदा अंगणात पानांचे पुडे बांधत बसली होती. मला बघून उठली नाही. हातही थांबवले नाहीत.

"काऊन आले जी सर? आनखी कोनता दाखला निंगाला माह्या नावानं?"

मी उभ्यानंच सांगितलं. चूक माझी होती, माफी मागायला आलो.

"मले कायले सांगून राहिले? मले तं पयलेपासून मालूम हाय." तिनं पुड्याची गाठ दातानं आवळली. "ज्याईले मालूम नाही त्याईले सांगा. जेथं माहं नाव घेतलं तेथं सांगा."

मी म्हणालो, सांगतो. पुढच्या बैठकीला याल का?

"येईन. पन मांगं भितीले टेकून उभी नाही राहीन. खुर्ची पाह्यजे."

पाणी तिनं दिलं नाही. मी मागितलंही नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हा अपमान माझ्या हक्काचा आहे.

पुढच्या बैठकीला ती आली. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी सकाळीच जाऊन धरून ठेवली होती. साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांनी विषय सुरू करायच्या आधी मी उभा राहिलो. काय होईल ते मला ठाऊक होतं. झालंही. कंत्राट पुढं वाढणार नसल्याचं पत्र आलं आहे. सुनंदाला नोकरी परत मिळालेली नाही. तिच्या अर्जाच्या मागं मी आहे, आणि मागं हटणार नाही. पदवीचं शेवटचं सत्र राहिलं आहे, तेही पूर्ण करीन. कॅमेरा चालू ठेवून.

त्या बैठकीत उभा राहिल्यावर मी डोंगल निळ्या दोरीसकट साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"यांच्या हातात देऊ नये, असं तुम्ही इथंच म्हणाला होता. मग घ्या. आजपासून तुमची सही तुम्हीच करा."

साहेब म्हणाले, "खाली बसा. हे लेखी द्यायची हिंमत आहे का?"

"सकाळीच दिलं आहे. यावेळी माझ्या सहीनं."

मग मी पहिल्या रांगेकडं वळलो. मान वर होती, पण तिचा मला अभिमान वाटला नाही. फार उशिरा वर झाली होती.

"सुनंदाबाई, डोंगल मी दिला. पिन मी सांगितला. तुम्ही नको म्हणाला होता. तुमचा फोन मी कापला, कारण मी जेवत होतो. मग तुमचं नाव लिहिलं, कारण ते लिहिलं तर कोणी काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही सही विकली नाही. मी तुम्हाला विकलं. इथं, या सगळ्यांसमोर, मी तुमची माफी मागतो."