आपला नंबर

डोळ्यांना त्रास व्हायला लागल्यावर बाबांनी त्यांची पांढरी गाडी मला देऊन टाकली. पुण्याहून फरीदाबादला आणताना अट एकच, "नंबर बदलू नकोस." वर्षभरात हरियाणाचा नंबर घ्यावा लागतो, हे जन्मभर सरकारी फायली हलवणाऱ्या मला माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षं टाळलं. मथुरा रोडला सिग्नलवर कुणीतरी एमएच-बारा बघून काच खाली करायचं, "पुण्याच्या का?" म्हणायचं. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

मग चलानं यायला लागली. कधी नोएडात सिग्नल तोडला, कधी गाझियाबादला उलट्या दिशेनं गाडी घातली. मी त्या वेळी दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर ऑफिसात. फोटोत नंबर माझाच, गाडीही तशीच पांढरी, पण काचांना काळी फिल्म आणि मागं आमच्या कुलदैवताचं स्टिकर नाही.

चार शनिवार चौकीत गेले. हवालदार भला होता. "मैडम, पकड़ा गया तो सीधा अंदर जाएगा. जालसाज़ी का केस है." मला बरं वाटलं. मग त्यानं माझे कागद उलटले. "और आप तीन साल से यहाँ इसी नंबर पर चला रही हो?" चोराच्या आधी फिर्यादीच सापडली. मी मान खाली घालून दंड भरला.

तो काही सापडला नाही. उद्या त्यानं कुणाला उडवलं तर पोलीस माझ्या दारात येणार, या धास्तीला मी विटले. नवरा म्हणाला, "छोड ना यार आता. घेऊन टाक हरियाणाचा." घेतला. जुन्या नंबरप्लेट आठवण म्हणून मागितल्या, तर आरटीओच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "नहीं मैडम, कोई ग़लत इस्तेमाल कर लेगा." माझ्यासमोरच त्यानं त्या कापल्या. संताप आला, पण भांडायचं त्राण नव्हतं. खोटी नंबरप्लेट तिकडे बिनघोर फिरतच होती.

बाबांना यातलं काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार?

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. आवाज जरा पडलेला.

"अगं, आपल्या शेजारची मुलगी दिल्लीत स्पर्धा परीक्षेची तयारी करते ना. याच गाडीतून मी तिला क्लासला सोडायचो. काल तिला रस्त्यात आपली गाडी दिसली. नंबर बघून पोरगी धावली, हात केले, हाका मारल्या. तू काचसुद्धा खाली केली नाहीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि काचा काळ्या कशाला केल्यास?"

"ऊन फार असतं बाबा इथं," मी म्हटलं. "लक्ष नव्हतं माझं."

"रडवेली झाली होती गं ती. परक्या गावात आपला नंबर दिसला की माणूस आशेनं बघतं. पुढच्या वेळी थांब."

"थांबेन," मी म्हणाले.