फ्लॉरेन्सचा घाट

साडूंवर मी सूड उगवला, चांगला शंभरेक माणसांसमोर उगवला, आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवणार नाही.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही कराडला लागून मलकापुरात राहायचो. मी हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. भूगोलाच्या मास्तरानं जग पाहिलेलं असावं असा काही नियम नाही. मी दक्षिणेला बेळगाव आणि उत्तरेला पुणे पाहिलं होतं, ते दोन्ही लग्नांच्या निमित्तानं. पण मला प्रवास आखायचं वेड होतं. परदेशांच्या वकिलातींना पत्र पाठवलं की ते फुकट रंगीत पुस्तिका, नकाशे पाठवत. पोस्टमन ते जाड पाकीट देताना माझ्याकडे असा बघायचा, जणू मी परवाच निघणार आहे. मग मी वही घेऊन बसायचो. कुठल्या गावात कुठली गाडी पकडायची, सकाळी काय बघायचं, पाऊस आला तर कुठे शिरायचं, सगळं तपशीलवार. आणि लिहायचो भूतकाळात. 'जाणार आहे' असं लिहिलं की बायको विचारायची, "कधी?" 'गेलो होतो' लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

युरोपची वही सगळ्यात जाड झाली होती. बारा गावं, बारा प्रकरणं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीला हळदीचे व्यापारी. ते एका यात्रा कंपनीबरोबर युरोपला निघाले, तेव्हा आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे पेपरात त्यांचा कोटातला फोटो आला: 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छा देणाऱ्या मित्रमंडळाची चाळीस नावं. मिरज स्टेशनवर त्यांना एवढे हार घातले की गाडी सुटेपर्यंत त्यांचं नाकच तेवढं दिसत होतं. मीही एक हार घातला. त्या हारातूनच आवाज आला, "मास्तर, ती तुमची वही आणलीय ना? द्या. बसमध्ये चाळायला होईल."

मी दिली. आनंदानं दिली, हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परत आल्यावर वहीचं विचारलं तर म्हणाले, "वही? अहो, ती विमानात राहिली की हो. असली वही कोण सांभाळत बसतंय?"

पुढच्या रविवारपासून सांगलीच्या एका पेपराच्या पुरवणीत त्यांची लेखमाला सुरू झाली. बारा गावं, बारा लेख. पहिला लेख बायकोनं चहा ठेवता ठेवता मोठ्यानं वाचला आणि मध्येच थांबून म्हणाली, "तुमच्यासारखंच लिहितात की हो."

माझ्यासारखं नव्हे, माझंच होतं ते. पॅरिसमधल्या पावसात मी ज्या पुस्तकाच्या दुकानात शिरलो होतो, म्हणजे शिरणार होतो, तिथे साडू शिरले होते. व्हिएन्नाच्या ट्राममध्ये मी ज्या खिडकीशी बसणार होतो तिथे ते बसले होते. बरोबर गेलेल्या मेव्हणीनं फोनवर बायकोला सांगितलं होतं की बसमध्ये हे सगळा वेळ झोपलेले, फक्त जेवणाला उठायचे आणि चटणी सोबत आणलीय का एवढंच विचारायचे. आता सांगलीत रस्त्यानं जाताना लोक त्यांना थांबवून म्हणत, "काय लिहिता हो तुम्ही!"

"मी जाहीर करणार," मी म्हणालो.

"करा. आणि वही कुठाय म्हणून विचारलं की विमान दाखवा," बायको म्हणाली. "आणि ताईच्या घरात आग लावलीत तर मी बोलायची नाही तुमच्याशी."

म्हणून आठ रविवार मी गप्प बसलो. दर रविवारी माझं एक गाव जात होतं. वर्गात फळ्यावर नकाशा काढताना इटलीचा बूट मी इतक्या जोरात आखायचो की खडू मोडायचा.

नवव्या रविवारी फ्लॉरेन्स आलं. माझं सगळ्यात आवडतं. वहीत मी लिहिलं होतं: संध्याकाळी नदीच्या घाटावर, दगडी पायऱ्यांवर, पाण्यात पाय सोडून बसलो. दोन पायऱ्या खाली बायका धुणं धूत होत्या. दिवे लागेपर्यंत उठवलं नाही. साडूंनी स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता.

आणि त्यापुढच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत चार ओळी आल्या. मेढ्याजवळच्या एका गावचे निवृत्त सुभेदार लिहीत होते: दुसऱ्या मोठ्या लढाईत आमची पलटण या शहरात होती. तिथल्या नदीला घाट नाही. लेखक कुठे बसले होते ते कळवावे.

वाचून आधी मीच इटलीची पुस्तिका शोधून काढली. घाट नाही? वकिलातीच्या पुस्तिकेत पूल होता, नदी होती. घाट मी घातला होता. माहुली, वाई, कराडचा संगम, एवढ्याच नद्या पाहिलेला माणूस मी. गाव आहे, नदी आहे आणि पाण्यापर्यंत जायला पायऱ्या नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भूगोलाचा मास्तर! वही माझी आहे असं सिद्ध झालं असतं तर घाटही माझाच ठरला असता, आणि आठवी ब नं मला निवृत्तीपर्यंत सुखानं शिकवू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मात्र मला वेगळंच सुचलं. घाट आत्ता कुणाच्या नावावर होता? साडूंच्या.

सुट्टी टाकून मी एस.टी.नं मेढ्याला गेलो आणि तिथून चालत सुभेदारांच्या घरी. म्हातारा ताठ. अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत होता.

"आबा, नदी नक्की बघितलीय तुम्ही?"

"बघितली? आवं मास्तर, पाण्यासाठी दोरीला बादली बांधून वरनं खाली सोडलीय म्या. दोनी काठाला ही एवडी उच्ची भिताडं. घाट आसता तर बादली कशापायी सोडली आसती?"

"मग यांनी पाण्यात पाय कसे सोडले?"

"लय लांब पाय आसतील त्येचं," सुभेदार म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर खोकला येईस्तोवर हसले. मग डोळे पुसून विचारलं, "तुमचं काय वाकडं हाय त्येच्याशी?"

"साडू आहेत माझे."

"मंग बराबर."

सांगलीला ग्रंथालयाच्या सभागृहात साडूंचा 'वाचकांशी गप्पा' असा कार्यक्रम ठरला होता, पुस्तक निघणार असल्याची घोषणाही तिथेच व्हायची होती. मी सुभेदारांना म्हटलं, चला, समक्षच विचारा. ते पदकं लावून निघाले. घाट कुणी बांधला हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

कार्यक्रम पाचला सुरू झाला. साडू नव्या सफारीत. पुढच्या रांगेत मेव्हणी आणि तिच्याशेजारी माझी बायको. गप्पा रंगल्या, टाळ्या पडल्या, आणि सुभेदार उठले.

"म्या एक विचारू का? त्यो घाट कंच्या अंगाला हाय?"

साडू हसले. "डाव्या. डाव्या हाताला. दगडी पायऱ्या आहेत, बायका धुणं धुतात, एकीनं तर मला नमस्कारही केला." नमस्कार माझ्या वहीत नव्हता. ती त्यांची स्वतःची भर.

सुभेदारांनी बादली सांगितली. दोरी किती लांब होती ते हात पसरून दाखवलं. सभागृह हसायला लागलं. साडूंनी रुमाल काढला, पाणी प्यायले, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. बुडणाऱ्याला ओंडका दिसावा तसा चेहरा झाला.

"हे बघा, हे आमचे साडू, भूगोलाचे मास्तर. ही सगळी माहिती यांची आहे. त्यांचीच वही आहे. मास्तर, सांगा की यांना! तुम्हीच लिहिलाय ना तो घाट?"

शंभर माना माझ्याकडे वळल्या.

इतके रविवार मी ज्या वाक्यासाठी तळमळत होतो ते वाक्य साडू स्वतःच्या तोंडानं, माईकवर बोलले होते. फक्त 'होय' म्हणायचं होतं. बारा गावं परत मिळाली असती. घाटासकट.

मी उठलो. आवाज अगदी सौम्य ठेवला.

"मी? अहो, मी पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. पासपोर्टसुद्धा नाही माझ्याकडे. मी कुठला फ्लॉरेन्सचा घाट लिहिणार?"

जो हशा उसळला त्यात साडू दिसेनासे झाले, हारांत झाले होते त्याहून जास्त. त्यांच्या तोंडाची हालचाल दिसत होती, आवाज येत नव्हता. मेव्हणी पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. बायकोनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत पुढे बघायला लागली. मला इतकं बरं वाटत होतं की मी खाली बसायचंच विसरलो.

सांगली स्टँडवर सुभेदारांना साताऱ्याच्या गाडीत बसवलं. ते खिडकीतून म्हणाले, "मास्तर, त्यो गडी शेवटाला खरं बोलत हुता. माज्या उमरीला कळतंया. घाट तुमचाच न्हवं?"

"होय, आबा."

"झ्याक हाय. वाचताना बसावं वाटलं." गाडी हलली तसे ते ओरडले, "पर तिथं न्हाई!"

बायको तीन आठवडे बोलली नाही. ताईच्या घरी लागायची ती आग लागलीच होती. साडूंनी परत परदेशाचं नाव काढलं नाही, आणि हे मला आजही गोड लागतं. पुस्तक मात्र निघालं. फ्लॉरेन्स गाळून, अकरा प्रकरणांचं, त्यांच्या नावानं. मेव्हणीनं एक प्रत आमच्याकडे पाठवली.

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मुलीनं ती एका बैठकीत संपवली. "बाबा, काकांनी काय सुंदर लिहिलंय! वाटतं, आपणच फिरतोय. तुम्ही का नाही असं कधी लिहीत?"

आत भाकऱ्या थापल्या जात होत्या, त्या थापायच्या थांबल्या.

"मला कुठलं जमतंय," मी म्हणालो. "मी तर सांगितलंच होतं तिथे सगळ्यांसमोर."

आतून बायको म्हणाली, "जेवायला या." सूड कसा लागला हे तिनं मला कधी विचारलं नाही, आणि वाढताना पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली ती करपलेली होती.