तापली की चळणारी नळी

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातले पंप का थरथरतात, हे शोधणं निशिकांतचं काम. "थरथरणाऱ्याला थरथरणारं बरोबर कळतं," असं मीनल, त्याची बायको, हसून म्हणायची. साहेबाच्या ईमेलची, लिफ्टची, कामाच्या पासच्या मुदतीची, सगळ्याचीच त्याला भीती वाटे. पण २०१७च्या नोव्हेंबरातल्या त्या रविवारची भीती वेगळी होती.

भंडाऱ्याजवळच्या गावी त्याचा थोरला भाऊ मनोहर धान पिकवायचा. रानडुकरांनी उभं पीक लोळवलं, तेव्हा वनखात्याने त्याला ती मारायची आठ दिवसांची परवानगी दिली. घरात वडिलांच्या वेळची, बोल्ट ओढून भरायची बंदूक होती. चौथ्या दिवशी कळपावर लागोपाठ गोळ्या झाडताना दादाने नेम धरला एका डुकराच्या खांद्यावर आणि गोळी लागली मागच्या पायाला. डुक्कर उलटून अंगावर आलं. अठ्ठावन्न वर्षांचा दादा पळसावर चढला म्हणून वाचला. ते जखमी जनावर अजून शेतातच होतं. आज शेवटचा दिवस; संध्याकाळी दादा पुन्हा जाणार होता, त्याच बंदुकीने.

सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉल लावण्याआधी निशिकांतने खिडक्या बंद केल्या.

"बाबा, गन गन मोठ्याने म्हणू नका," लेक जाई तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "शेजारचे पोलीस बोलावतील, लाह."

तिने थट्टाच केली होती, पण त्याने खिडकीची कडी पुन्हा तपासली.

"दादा, जाऊ नकोस आज."

"आणि लंगडं डुक्कर कोणाच्या पोरावर धावलं तर? माझ्या हातचं आहे ते. तू बंदुकीतला दोष शोध."

निशिकांतने सकाळीच सांगून ठेवलं होतं. बंदूक पोत्यावर टेकव, पन्नास पावलांवर कागद लाव, न थांबता पाच गोळ्या झाड. त्या कागदाचा फोटो आता समोर होता. पहिली दोन भोकं चिकटून, तिसरं जरा वर, चौथं आणि पाचवं उजवीकडे पार निसटलेलं.

त्याने फोटो मोठा केला. हे त्याच्या ओळखीचं होतं. पंपाला जोडलेला पाइप कुठे टेकला, की थंड असताना गुमान राहतो आणि तापला की सगळं यंत्र ओढतो.

"दादा, नळी लाकडाला टेकते आहे. आधी बोल्ट काढ. आत गोळी नाही ना, बोट घालून बघ. मला दाखव."

"अरे, पाहिलं."

"पुन्हा बघ."

दादाने पुन्हा पाहिलं. मग कॅलेंडरच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधून सरकवली. वीतभर गेली आणि अडली.

"स्क्रू काढ. नळी उचल."

दादाने दस्ता कॅमेऱ्यापुढे धरला. लाकडाच्या खाचेत, घट्ट झालेल्या तेलात, लाल तांदळाचे चार-पाच दाणे दगडासारखे रुतून बसले होते. अक्षता.

निशिकांतने ते दाणे ओळखले. आठ वर्षांनी यंदा तो दसऱ्याला घरी गेला होता. खंडेनवमीला दादाने शस्त्रपूजेचं ताट त्याच्या हातात दिलं होतं. मंत्र आठवेनात, म्हणून त्याने बंदुकीवर अक्षताच भरभरून वाहिल्या होत्या, मूठ मूठ. पूजेनंतर दादाने वरून तेल चोळलं होतं.

"कोणाची ही करामत?" दादा म्हणाला. "वहिनीची तुझ्या?"

हो म्हणून सुटता आलं असतं.

"माझी," तो म्हणाला. "दादा, त्या पळसावर तुला मी चढवलं."

 दादा खो खो हसला. "सिंगापूरचा इंजिनियर! देवाला जेवायला घातलंस की काय?"

खाच खरवडून, स्क्रू आवळून दादाने पुन्हा पाच गोळ्या झाडल्या. या वेळी पाचही भोकं एका तळहाताखाली मावली.

"जातो मी," दादा म्हणाला. "आल्या आल्या फोन कर," निशिकांत म्हणाला.

त्यानंतर फोन लागेना. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो काळ्या स्क्रीनकडे बघत बसला होता. कारखान्याच्या गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे. मग संध्याकाळपर्यंत काही कळायचं नाही. रांग पुढे सरकली. त्याच्यापुढे एकच माणूस उरला, तेव्हा फोन थरथरला. दादाचा निरोप होता.

"शेतात रेंज नव्हती. एकाच गोळीत काम झालं. मी धड आहे. पुढच्या दसऱ्याला ये, पण फूल वाहा, तेही लांबून."

"नेक्स्ट," गार्ड म्हणाला. निशिकांतने फोन लॉकरमध्ये ठेवला. किल्ली फिरवण्याआधी त्याने तो निरोप आणखी एकदा वाचला.